वॉर्डरबाईचं वाक्य

भाग संपला, टाळ्या विरल्या, जाहिरात लागली, आणि मग मात्र खोलीत कुणालाच बोलायला काही सापडेना. आई चष्म्याची काडी चावत राहिली. बाबा रिमोटकडे असे टक लावून बसले, जणू पुढचा संवाद त्याच्यावर छापलेला असावा. स्वयंपाकघराच्या दाराला टेकून उभी असलेली ताई एकेकाचा चेहरा वाचत होती, आणि ती हसत नव्हती.

ही शांतता भारावलेपणाची आहे, असं त्या घरात एकालाच वाटलं. तो तिचा धाकटा भाऊ. पदवीपासून कवितेत बुडालेला, म्हणून घरात त्याला कविराज म्हणत.

महिला तुरुंगावरच्या त्या मालिकेत ताई पहिल्यापासून होती. म्हणजे तिचा खांदा होता, कधी खाकी बाही, कधी पाठमोरी वेणी. या भागात मात्र तिच्या वॉर्डरबाईला वाक्य मिळालं होतं. कोठडीत वाढलेलं मूल आईपासून वेगळं करायचं आणि म्हणायचं, "वेळ संपली, बाई. लेकरू इकडे दे." ताई संध्याकाळी दातांचा दवाखाना सांभाळत असे. तिथल्या किल्ल्यांचा जुडगा कमरेला अडकवून तिने हे वाक्य फ्रिजसमोर म्हटलं, कपाटासमोर म्हटलं, वाळत घातलेल्या चादरीसमोरही म्हटलं. घराला ते असं चिकटलं, की बाबा न्हाणीघराच्या दारावर थाप मारून "वेळ संपली, बाई" म्हणू लागले, आणि आईने शेजारणीकडून कढई परत आणली तीही याच शब्दांत.

सकाळीच ताईने कविराजाला जिन्यात गाठलं होतं.

"पुढे मोठी भूमिका देतायत. पण दवाखाना सोडावा लागेल. मला जमतंय की नाही, तेच कळत नाही रे. बाकीचे काय, कौतुकच करतील. तू खरं सांग. तुझ्या शब्दावर ठरवणार आहे मी."

"निर्धास्त राहा," कविराज म्हणाला. "ओळींमधलं मौनसुद्धा माझ्या नजरेतून सुटत नाही."

आणि संध्याकाळी तो क्षण आला. पडद्यावर गज सरकले, ताईचा चेहरा पहिल्यांदाच पुरता उजेडात आला, बाबांनी वाद्यवृंदाच्या संचालकासारखा हात उंचावला, आणि घराने एका सुरात आरोळी ठोकली, "वेळ संपली, बाई! लेकरू इकडे दे!" कविराजाने वातावरणनिर्मितीसाठी दवाखान्याचा जुडगा कानाशी खळखळवला. पुढे टाळ्याच टाळ्या. भाग त्या टाळ्यांखालीच कधीतरी संपला.

"मग?" ताईने आता विचारलं. "कसं झालं?"

"स्पष्ट," बाबा म्हणाले. "शब्द न् शब्द कळला."

"आवाज माझ्यावर गेलाय," आई म्हणाली.

कोपऱ्यातल्या मावशीच्या कानातलं यंत्र दुरुस्तीला गेलं होतं. ती म्हणाली, "पण ती बोलली कुठे? तोंड मिटलेलंच होतं तिचं."

"मावशी, तुला ऐकू येत नाही," बाबा मोठ्याने म्हणाले.

"दिसतं ना पण."

तिला कुणी दाद दिली नाही. ताईने भावाकडे पाहिलं. खरं म्हणजे 'ताई, गोंगाटात काही उमगलं नाही, पुन्हा पाहून सांगतो' एवढंच त्याने म्हणायला हवं होतं. पण त्याच्याजवळ सुंदर वाक्य तयार होतं, आणि सुंदर वाक्य गिळणं त्याला कधीच जमलं नव्हतं.

"'लेकरू' म्हणताना तुझ्या आवाजात जो कंप आला ना ताई, तो मावळत्या उजेडासारखा अंगावर उतरला. हे मी मालिकेच्या प्रेक्षकांच्या फोनवरच्या गटावरही लिहिलंय. टाळ्या चालू असतानाच."

"बघू, लोक काय म्हणतात," म्हणत बाबांनी त्याचा फोन उचलला आणि बातम्या वाचाव्यात तशा सुरात वाचू लागले. "'कसला कंप? ती वॉर्डरबाई एक अक्षर बोलत नाही.' हा कुणीतरी बहिरा दिसतो. पुढचा... 'ती नुसता हात पुढे करते आणि थांबते. आई मूल देईपर्यंत थांबून राहते. मी ताटावरून उठले.' आणि ही एक... 'अहो आवाजवाले, तुम्ही नक्की कुठला भाग...'"

बाबांचा सूर वाटेतच बसला.

"वाक्य कापलं होतं," ताई म्हणाली. "चित्रीकरणाच्या वेळीच. दिग्दर्शक म्हणाले, तुझा चेहरा पुरे आहे."

"अगं, मग सांगायचं नाही का आम्हाला?" आई कळवळली.

"वाटलं, दिसेल."

कविराजाला काहीतरी बोलायचं होतं. आयुष्यभर वेचलेल्या शब्दांचा ढीग त्याच्यापुढे होता आणि त्यातला एकही उचलण्याजोगा उरला नव्हता. परक्या लोकांनी घास सोडून पाहिलेला आपल्या बहिणीचा चेहरा त्याने, तिच्यापासून चार हातांवर बसून, किल्ल्या वाजवत घालवला होता.

ताईने घड्याळाकडे पाहिलं. दवाखान्यातून ती तासाभराची सवड काढून आली होती. ती भावासमोर आली, हात पुढे केला, तळवा उघडला आणि थांबली. चेहऱ्यावर राग नव्हता. घाई नव्हती. मागणंही नव्हतं, नुसतं थांबणं होतं. हेच ते, हे कविराजाला कळलं. इतक्या उशिरा कळलं, की डोळे भरून आले तरी त्यांचा काही उपयोग नव्हता.

त्याने जुडगा तिच्या तळव्यावर ठेवला.

"बघा," मावशी म्हणाली, "अस्सं केलं होतं तिने."

ताईने चपला घातल्या. कविराज जिन्यापर्यंत मागे धावला.

"ताई, आता पाहिलं मी. शपथ. दवाखाना सोडणार आहेस ना?"

किल्ल्यांचा आवाज एकेक पायरी उतरत गेला. वळणावर तो क्षणभर थांबला, मग पुन्हा उतरू लागला.