इंदापूरच्या भिंतीवरचे चार आकडे

बारामती तालुक्यात खाजगी गुप्तहेर एकच आहे आणि तो मी, इंद्रजित. माझी नजर घारीची, कान सशाचे आणि नाकाबद्दल लोकच बोलतात. कन्हेरीच्या हरवलेल्या शेळीचं प्रकरण मी तीन दिवसांत निकालात काढलं. शेळी स्वतःच्या पायांनी परत आली हे खरं, पण मी तिची वाट योग्य ठिकाणी बघत होतो. माझे मदतनीस म्हस्कूतात्या म्हणजे एसटीतले निवृत्त कंडक्टर. त्यांना पास आहे, त्यामुळे आमच्याकडे मदतनीस फुकट फिरतो आणि गुप्तहेर तिकीट काढतो.

शहाण्णव सालच्या डिसेंबरात इंदापूरचा अनुप पेंटर माझ्याकडे आला. दहा वर्षं त्यानं खतांच्या जाहिराती आणि ‘येथे थुंकू नये’ रंगवलं होतं. त्या महिन्यात पहिल्यांदाच त्यानं मनासारखं चित्र काढलं. एसटी स्टँडजवळ संभाजीरावांच्या गोदामाची लांबलचक भिंत होती. तिच्यावर हिरव्या नऊवारीतली बाई, नाकात नथ, डोळ्यांवर काळा गॉगल, काष्टा कसून मोटारसायकलवर बसलेली, पदर वाऱ्यावर. खाली कोपऱ्यात अनुपचं नाव.

“चार दिवस झालं, तिच्या अंगावर कुणीतरी खडूनं आकडे काढतंय,” अनुप म्हणाला. “एक, दोन, तीन, चार. शेजारी बाण. मी पुसतो, दुसऱ्या दिवशी परत हाईतच.”

“मग बिघडलं काय?”

“संभाजीराव म्हणत्यात, घर फोडायच्या आधी चोर अशाच खुणा करून ठेवत्यात. शनिवारपर्यंत छडा लागला न्हाय तर चित्रावर चुना मारणार आन् वर सिमेंटची जाहिरात.” त्यानं नखातला वाळलेला रंग खरवडला. “साहेब, माझं म्हणावं असं तेवढं एकच चित्र हाय.”

मला वाईट वाटलं. खरंच वाटलं. पण गुप्तहेरानं भावनेच्या आहारी जाऊ नये, म्हणून मी त्याला नुसता चहा पाजला.

बुधवारी आम्ही इंदापुरात उतरलो. मी भिंगातून पाहणी केली. एक आकडा कमरेला, दोन डाव्या खांद्यावर, तीन निऱ्यांवर आणि चार पाठीमागे. पहिला निष्कर्ष निघाला, मटका! तात्यांनी लगेच जाऊन आकडा लावून पाहिला. तो आला नाही, म्हणून तो निष्कर्ष शास्त्रीय पद्धतीनं बाद झाला. दुसरा संशय दुसऱ्या एखाद्या पेंटरवर होता, पण इंदापुरात दुसरा पेंटर अनुपचा सख्खा मामा निघाला आणि तो महिनाभर मोडलेला पाय घेऊन पडून होता. उरले चोर. चौथ्या आकड्याचा बाण बरोबर गोदामाच्या खिडकीकडे होता.

“भिंतीखाली ती मालनबाई भाजी घिऊन बसती,” तात्या म्हणाले. “दिवसभर हितंच असती. तिला इचारायचं का?”

“तात्या, साक्षीदाराला विचारलं की तपासात राहतं काय?”

गुरुवारी अनुपनं आकडे पुसले आणि मी समोरच्या हॉटेलात पेपरला दोन भोकं पाडून सकाळी आठपासून संध्याकाळी सहापर्यंत बसलो. एक ते दोन तेवढा जेवायला गेलो. गुन्हेगारालाही भूक असतेच, हे मी गृहीत धरलं होतं. परत आलो तर आकडे उमटलेले!

आता वेषांतराशिवाय गत्यंतर नव्हतं. शुक्रवारी मी बायकोच्या ट्रंकेतली जांभळी नऊवारी तिला न सांगता उचलली आणि तात्यांच्या ओळखीनं हॉटेलच्या मागच्या खोलीत स्वतःच नेसलो. बाहेर पडल्यावर तात्यांनी मला नीट पाहिलं आणि सवयीनं म्हणाले, “पुढं सरका, बाई.” वेष जमला होता.

मी मालनबाईच्या शेजारी जाऊन बसलो. तिनं मेथीची जुडी बांधता बांधता विचारलं, “गाव कुठलं, बाई?”

“कऱ्हाटी,” मी बारीक आवाजात म्हणालो.

“कऱ्हाटीत असलं नेसत्यात व्हय? काष्टा सुटलाय तुझा. ऊठ, उभी ऱ्हा!”

मी उभा राहिलो आणि उरलेली साडी बसून राहिली. आत पँट होती म्हणून गुप्तहेरखात्याची अब्रू वाचली. एवढ्यात एक वाजला, शाळेची मधली सुट्टी झाली आणि सात-आठ मुली साड्यांच्या पिशव्या घेऊन धावत आल्या.

“या गं. आज आधी ह्या मावशीला शिकवू,” मालनबाई म्हणाली. भाजीच्या टोपलीतून तिनं खडू काढला आणि माझ्या डोळ्यांदेखत चित्रावर आकडे घातले. “एक, हितं गाठ. दोन, पदर डाव्या खांद्यावर. तीन, निऱ्या. चार, काष्टा माघारी नेऊन खोचायचा. बाई गाडीवर बसलीया म्हणून सगळं दिसतंया. ह्या पोरींना गॅदरिंगला नऊवारी नेसायचीया आन् घरात शिकवाया कुणी न्हाय.”

“मग इतके दिवस सांगितलं का नाही?” माझा मूळ आवाज सुटला.

“मला इचारलं कुणी?” मालनबाई म्हणाली. मिशी तिला आधीच दिसली असावी, कारण ती दचकली नाही.

मालनबाईनं मला नीट नेसवलं आणि मुली साड्या नेसून रांगेत उभ्या राहिल्या, तोच संभाजीराव चुन्याची बादली घेतलेला गडी बरोबर घेऊन आले. एक दिवस आधीच! अनुप मागून धावत आला आणि बादलीच्या आडवा उभा राहिला. संभाजीराव मात्र मुलींकडे बघत जागीच थांबले. पहिल्या रांगेत त्यांची मुलगी संस्कृती होती. शाळेच्या ड्रेसवरून अंजिरी नऊवारी, काष्टा पक्का.

“ही साडी आमच्या आईची,” ते हळूच म्हणाले. “ट्रंकेत पडली हुती. कुणी नेसवली गं?”

“मीच नेसले, पप्पा. तिला बघून,” संस्कृतीनं भिंतीकडे बोट केलं.

संभाजीरावांनी उपरण्यानं डोळे पुसले आणि गड्याला बादली परत न्यायला सांगितलं. मग अनुपला म्हणाले, “खडू पुसला जातो. ते आकडे रंगानं काढ. पक्कं.”

अनुप भिंतीला हात लावून उभा राहिला. मी मात्र वहीत ‘प्रकरण सोडवले’ असं लिहून ठेवलं.

माझा शर्ट ठेवलेल्या खोलीची किल्ली घेऊन हॉटेलवाला गावाला गेल्यानं मी तसाच परतलो. तात्यांनी मला लेडीज सीट मिळवून दिली. घरी बायको, प्रयागबाई, दारातच उभी. एकदा वरून खाली पाहिलं आणि म्हणाली, “ह्या निऱ्या तुमच्या हातच्या न्हाईत. कोण हाय ती?”

मी घडलं ते सगळं खरं सांगितलं, पण त्याची सवय नसल्यानं ते खोटं वाटलं. शेवटी शनिवारी सकाळच्या एसटीनं तिला इंदापूरला घेऊन गेलो. माझी एकमेव साक्षीदार भिंतीवर मोटारसायकल चालवत होती आणि अनुप शिडीवर पिवळ्या रंगाचा डबा घेऊन आकडे काढत होता. प्रयागबाईनं एक ते चार बोटानं मोजलं, माझ्याकडे पाहिलं आणि पहिल्यांदा हसली.

“अनुपभाऊ,” तिनं हाक मारली, “चौथा आकडा जरा मोठा काढा. आमच्या ह्यांना समोरचं दिसत न्हाय.”