दोन रकान्यांची वही

ज्या वर्षी दप्तरींच्या धाकट्या मुलीचं लग्न ठरलं, मोडलं आणि त्याच मुलाशी पुन्हा ठरलं, त्या वर्षी इस्पितळाच्या लक्षात आलं की जगातल्या प्रत्येक वस्तूला दोन नावं असतात, आणि दोन्ही माहीत असल्याशिवाय कुठलंही काम पुढे सरकत नाही.

शस्त्रक्रियांच्या तारखा देणारा प्रोग्राम लिनक्स प्रणालीवर चालणाऱ्या नव्या यंत्रांवर चढवायचा होता. तो पायथन या संगणकभाषेत लिहिलेला. असा प्रोग्राम स्वतःच्या पायावर उभा राहत नाही, दुसऱ्यांनी लिहून ठेवलेल्या तयार तुकड्यांवर, म्हणजे पॅकेजांवर टेकतो. (माणसांचंही तसंच, फक्त माणसं यादी देत नाहीत.) याच्या यादीत १८७ पॅकेजं होती. नियम असा, की बाहेरून काही आणायचं नाही, लिनक्सच्या भांडारातूनच घ्यायचं. भांडारात मात्र प्रत्येकाचं नाव वेगळं. यादीतला 'पिलो' तिथे 'पायथन३-पिल' म्हणून बसलेला. सबब वही हवी: डावीकडे मागायचं नाव, उजवीकडे भांडारातलं.

हे काम इस्पितळाच्या फायली लावणाऱ्या दप्तरींकडे आलं. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नव्हतं (इस्पितळाच्या समितीने ही पात्रता म्हणून नोंदवली), पण ते रेघा सरळ मारत. बेचाळिसाव्या वर्षी थोरल्या बहिणीने, अक्काने, त्यांना अक्षरं शिकवली होती. उशिरा शिकलेला माणूस नियमाला फार जपतो. दप्तरींनी नियम बसवला: मागायच्या नावाआधी 'पायथन३-' लावा आणि शोधा.

अकरा महिन्यांनी अहवाल गेला. नियमाने सापडली, १२१. नाव बदलून सापडली, ६२. भलतीच निघाली पण कुणाच्या लक्षात आलं नाही, ३. सापडलं नाही, १. ते एक नेमकं तारखा मोजणारं. समितीने ठराव केला की जगात तारीख मोजण्याचं साधन उपलब्ध नसल्यामुळे तारखा देता येत नाहीत.

अक्का दप्तरींकडेच राहायची. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, आणि ती शस्त्रक्रियेच्या अशाच एका तारखेची वाट बघत होती.

"काय रे, कशावर अडलंय?" तिने विचारलं.

दप्तरींनी वही वाचून दाखवली. "यादीत 'पायथन-डेटयुटिल'. मी शोधलं 'पायथन३-पायथन-डेटयुटिल'. नाही मिळत."

"अरे बावळटा, आडनाव दोनदा लावलंस की! एकदा काढून बघ."

दुसऱ्या दिवशी एक 'पायथन' काढून 'पायथन३-डेटयुटिल' शोधलं. पॅकेज पहिल्या दिवसापासून भांडारातच होतं. प्रोग्राम सुरू झाला. समितीने स्वतःचं अभिनंदन केलं आणि आभाराच्या ठरावात दप्तरींचं नाव चुकवलं.

पंधरवड्याने टपालवाला दारात आला. पाकिटावरचं नाव त्याने वाचलं. चांगलं लांबलचक, तीन शब्दांचं.

दप्तरींनी नियमाप्रमाणे घरातली माणसं मनात मोजली: बायको, दोन मुली, अक्का. "या नावाचं इथे कुणी राहत नाही," ते म्हणाले. पाकिटावर तसा शेरा मारला, खाली सही ठोकली. अक्का आत झोपली होती.

पाकीट फिरून इस्पितळात आलं, म्हणजे दप्तरींच्याच टेबलावर. त्यांनी ते 'नापोच' फायलीत व्यवस्थित लावलं. तीन आठवड्यांनी फाईल चाळताना पाकीट उघडलं, तर आत अक्काचा फोटो चिकटवलेला अर्ज दिसला. तिच्या शस्त्रक्रियेची तारीख चार दिवसांपूर्वी उलटून गेली होती. पुढची तारीख चौदा महिन्यांनी.

घरी येऊन त्यांनी सांगून टाकलं. अक्काने पाकीट मागून घेतलं आणि शेऱ्यावरून बोट फिरवलं.

"अक्षर कसं आलंय?"

"बरं आलंय."

"मग झालं तर. अकरा महिने दुसऱ्यांची नावं जुळवलीस, माझं विचारायचं राहिलं."

हसणाऱ्या वाचकाने जरा पुस्तक मिटावं, आणि घरात ज्यांना आपण आई, अक्का, काकू म्हणतो त्यांची कागदावरची पूर्ण नावं, कुणाला न विचारता, लिहून दाखवावीत. रेघा सरळ असाव्यात.

अक्का पुढच्या वर्षी नऊ मार्चला दुपारी वारली. तारखेला अजून पाच महिने होते. नोंदणीच्या खिडकीवर कारकुनाने मयताचं नाव विचारलं, तेव्हा दप्तरींनी ते न अडखळता सांगितलं, तिन्ही शब्द.