कंबरमोडी

कुंडीत एकूण बारा रोपं होती. त्यांतली अकरा एकसारखी: पानांच्या कडा दातेरी, अंगावर राठ लव. बारावं वेगळं. त्याच्या पानांच्या कडा सरळ, आणि पानांना देठच नाही. ती थेट खोडाला बिलगलेली.

"हे तण," जावयानं निकाल दिला.

जावई वनस्पतिशास्त्राचा पदवीधर. स्वतःचं घर मिळेपर्यंत तो सासूबाईंकडे राहत होता आणि त्याची भरपाई म्हणून घरातल्यांना ज्ञान देत होता. पाय मोडलेल्या बहिणीकडे जाताना सासूबाईंनी ही कुंडी त्याच्या हवाली केली होती. तिच्यात झिनियाचं बी पेरलेलं होतं. वसाहतीच्या प्रदर्शनात सगळ्यात मोठ्या झिनियाच्या फुलाचं बक्षीस दरवर्षी तळमजल्यावरच्या निवृत्त हेडबाई नेत. यंदा त्यांना खाली बघायला लावायचं, असा सासूबाईंचा पण होता.

"बी जुनं आहे, जावईबापू," त्या निघताना म्हणाल्या होत्या. "एक जरी उगवलं तरी पुरे. तुमच्यासारखा जाणकार घरात आहे, म्हणून मी निर्धास्त."

"आईला फोन करू या का?" बायकोनं विचारलं.

"कशाला? अकरा एकीकडे, एक एकीकडे. पेरलेलं कोणतं ते दिसतंय की!"

"पण ती म्हणाली होती, एक जरी—"

"माझ्या हाताचा गुण त्यांना कुठे ठाऊक होता?"

आणि त्यानं बारावं रोप मुळासकट उपटून बाल्कनीतून खाली टाकलं.

अकरा रोपं जोमानं वाढली. फक्त वर न जाता आडवी पसरायला लागली. त्यानं प्रत्येकाला काडी लावून सुतळीनं ताठ बांधलं. एकदा हेडबाई पाण्याच्या तक्रारीसाठी वर आल्या आणि कुंडीपाशी थबकल्या.

"कंबरमोडी?" त्यांनी विचारलं.

"अरेरे! बसा ना. पाठीला उशी देऊ?"

हेडबाईंनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग खुर्चीवर बसल्या, उशी घेतली, चहा घेतला आणि खाली गेल्या. जिन्यातून त्यांना खोकल्याची उबळ आल्यासारखा आवाज आला.

पुढे लांबच लांब दांड्यांवर बोटाच्या पेराएवढी फुलं आली. मधे पिवळी, कडेला पाच फिकट पाकळ्या.

"एवढीशी?" बायको म्हणाली.

"हे एक फूल नव्हेच. सूर्यफुलाच्या कुळात असंच असतं. ही पुष्कळ फुलांची सभा आहे."

"मग सभेला गर्दी कमी आहे."

प्रदर्शनाच्या आदल्या दिवशी सासूबाई परतल्या. पिशवी हातातच धरून त्या बाल्कनीत गेल्या.

"जावईबापू, या कंबरमोडीला काठ्या कोणी लावल्या?"

त्याच्या कानात हेडबाईंचा प्रश्न वाजला. मग उशी आठवली.

"गवतात सगळीकडे उगवते ही," सासूबाई हळूच म्हणाल्या. "आणि माझं? एकही नाही उगवलं?"

"एक उगवलं होतं," तो जमिनीकडे बघत म्हणाला. त्यानं कुठे टाकलं तेही सांगितलं. सासूबाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, "जेवून घ्या," आणि आत गेल्या.

प्रदर्शनात मोजमाप करणारे गृहस्थ आजारी पडले. "आमच्या वसाहतीत शास्त्रज्ञ आहेत की!" हेडबाईंनी सगळ्यांसमोर जाहीर केलं आणि फूटपट्टी जावयाच्या हातात दिली. सासूबाई बाजूलाच उभ्या होत्या.

हेडबाईंच्या कुंडीत एकच फूल होतं, गर्द लाल. खाली रुंद पानं, कडा सरळ, देठ नाही.

"बी कुठलं हो?" कोणीतरी विचारलं.

"बी नाही, रोपच मिळालं. वरून पडलं," हेडबाई जावयाकडे बघत म्हणाल्या. "बरोबर तुमच्या बाल्कनीखाली."

सासूबाईंनी फुलाकडे पाहिलं, मग जावयाकडे.

"मोजा," त्या म्हणाल्या, आणि फूटपट्टीचं दुसरं टोक त्यांनी स्वतः धरलं.

साडेअकरा सेंटिमीटर. सगळ्यात मोठं.