कॅप्टनचं इटालियन मटण

कॅप्टनने दुपारच्या जेवणाला बोलावलं, की माणसाने घरून पोटभर जेवून निघावं. हे मला पहिल्या वेळी कुणी सांगितलं नाही. भर दुपारी गेलो, दिवेलागणीला जेवलो. मधल्या वेळात एक कच्चं गाजर तोंडात टाकत होतो, तर तेही त्यांनी हातातून काढून घेतलं. म्हणे, "ते सॉसचं आहे!"

कॅप्टन म्हणजे आमचे जव्हारचे शेजारी, केशवराव. उभी हयात एका इटालियन जहाजावर काढली, म्हणून गावाने कॅप्टन केलं. खरं तर ते जहाजाच्या भटारखान्यात कांदे चिरायचे. हे ते स्वतःच सांगतात आणि वर विचारतात, "कॅप्टन उपाशी राहिला तर जहाज चालेल का? मग खरा कॅप्टन कोण?"

वहिनी गेल्यापासून एकटेच असतात. मन झालं की गावाबाहेर शिरपामाळच्या वाटेवर एका आंब्याखाली तीन दगड मांडतात आणि इटालियन मटण शिजवतात. घरी गॅस आहे, पण गॅसचं नाव काढलं की भडकतात. "गॅस म्हणजे उतावळा नवरा! त्याला धीर आहे का?" लाकूड ऐनाचंच हवं. खिमा मशीनचा चालत नाही, स्वतः सुरीने तासभर बारीक करतात. आमचा मटणवाला एकदा वैतागून म्हणाला, "कॅप्टन, येवढ्या येळात तं दुसरा बोकड मोठा व्हईल!"

मग कांदा, गाजर, टोमॅटो. तिकडे म्हणे यात द्राक्षाची दारू घालतात. इथे कुठली आणायची? कॅप्टन मोहाची घालतात. आणि वरून दूध. मटणात दूध! माझ्या आईने ऐकलं असतं तर कानांवरून पाणी घेतलं असतं. हे सगळं नागलीच्या भाकरीबरोबर खायचं. आता खोटं कशाला बोलू, लागतं झकास. पण तोवर जीव राहिला पाहिजे ना! मी घाई केली की ते डाव हलवत म्हणतात, "पियानो, पियानो." म्हणजे इटालियनमध्ये हळूहळू. मी दुकानदार माणूस, गिऱ्हाईक दोन मिनिटं थांबत नाही. मला ते पियानो ऐकलं की टाळकंच सरकतं.

गेल्या थंडीत एका रविवारी सकाळीच मला हाक मारली. पातेलं उचलायला माणूस हवा होता. चढावर दम लागला तेव्हा थांबले आणि म्हणाले, "आज विद्या येतेय."

विद्या ही त्यांची एकुलती एक मुलगी, ठाण्याला नर्स आहे. महिन्यातून एकदा सकाळच्या एसटीने येते, वरणभात करते, भांडी घासते, बाबांच्या गोळ्या बघते आणि संध्याकाळच्या शेवटच्या गाडीने जाते.

"एक रात्र राहावी पोरीने, बस," कॅप्टन म्हणाले. "मी जहाज सोडल्यापासून एकदाही राहिली नाही."

"अहो, मग तिला सांगा ना तसं!"

"कुठल्या तोंडाने सांगू? ती लहान होती तेव्हा मी सुट्टीवर यायचो आणि तिला सवय व्हायच्या आत निघायचो. पाहुण्यासारखा. आता ती तशी येते, तर तिला काय बोलू?"

मला वाईट वाटलं. पातेलं उचललं आणि चालू लागलो.

विद्या आली, बापाशेजारी दगडावर बसली. बॅग खांद्यालाच. दुपारभर दोघं बोलली ते सगळं पातेल्याबद्दल. मीठ किती, जाळ किती. तिची रजा दुसऱ्या दिवशीही होती, हे मी विचारलं म्हणून कळलं. पण ती सारखी घड्याळ बघत होती. उन्हं उतरली तशी म्हणाली, "बाबा, झालं असेल तर वाढा. गाडी चुकेल माझी."

"अजून जरा," कॅप्टन म्हणाले. आणि मी बघतोय तर गडी चुलीतली जळती लाकडं हळूच बाहेर ओढतोय! जाळ पार विझत आला.

आता मी पडलो खवय्या. मघाशीच डाव चाटून पाहिला होता. मटण कधीच लोणी झालं होतं.

विद्या माझ्याकडे वळली. "काका, तुम्ही खरं सांगा. शिजलंय ना?"

कॅप्टन माझ्याकडे बघत होते. एवढ्या वर्षांत या माणसाने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. माझ्या पोटात कावळे कोकलत होते, तरी मी म्हणालो, "छे! कच्चं आहे गं. दाताखाली येतंय."

तिने डाव घेतला, फुंकर मारून चव घेतली. चांगली सावकाश घेतली. मग बाहेर ओढलेल्या लाकडांकडे पाहिलं, बापाकडे पाहिलं. कॅप्टन मान खाली घालून उगीचच एक काडी मोडत बसले होते. आता हिचा आवाज चढणार म्हणून मी अंग चोरून बसलो.

खालच्या रस्त्यावरून एसटी गेली. तिघांनाही दिसली.

"हो, कच्चंच आहे," विद्या म्हणाली. खांद्यावरची बॅग काढून तिने आंब्याला टेकवली, चपला काढल्या आणि मांडी घालून बसली. "बाबा, घरी जादा पांघरूण आहे का?"

"आहे," कॅप्टन म्हणाले. "तू येणार असलीस की दर वेळी उन्हात घालून ठेवतो."