स्टार्टराची मोहीम, अर्थात रत्नम्मांची देवणीवर स्वारी

श्रीवीरभद्र समर्थ. शके एकोणीसशे सत्तेचाळीस, विश्वावसुनाम संवत्सरे, मार्गशीर्ष मासी, मुक्काम उदगीर येथे पंचाक्षरी अप्पा डाळमिलवाले यांचे मोटारीस स्टार्टर बसविला गेला. त्याचे वर्तमान पेठेत नाना प्रकारे सांगतात. कोणी म्हणतो मोटार आपोआप चालली, कोणी म्हणतो अप्पा रडले. सबब घडले तैसे लिहितो, पदरचे काही घालीत नाही.

अप्पांचे आजे बसलिंगप्पा यांनी निजामशाहीत, सन एकोणीसशे एकतीस साली, ही मोटार हैदराबादेहून आणविली. रंगे काळी, छत कापडाचे, भोंगा रबरी. तीस चालू करणे म्हणजे तोंडापुढे उभे राहून लोखंडी हँडल भोकात घालावे आणि सर्व बळ एकवटून फिरवावे. तीन पिढ्या हे हँडल घरच्या पुरुषांनीच मारिले. परंतु हँडलाचा स्वभाव खुनशी. जरा नेम चुकला की उलटे फिरून मारणाराचाच हात मोडी. यंदा दसऱ्यास सीमोल्लंघनाचे वेळी तैसेच जाहले आणि अप्पांचे उजवे मनगट दोन जागी मोडले. मग अप्पांचे हातास प्लास्टर आणि मोटारीस ताडपत्री, ऐसा तह जाहला.

इतक्यात देवणीहून खबर आली की रत्नम्मांच्या मातुश्री पार्वतम्मा, उमर एक्याण्णव, यांचे काळीज दुबळे पडले, डॉक्टराने प्रवासास मनाई केली आहे. रत्नम्मा म्हणजे अप्पांचे कुटुंब. चव्वेचाळीस वर्षांपूर्वी त्या याच मोटारीत मागे बसून सासरी आल्या होत्या. पार्वतम्मांनी फोनावरून लेकीस फर्माविले, “ज्या मोटारीत गेलीस, त्याच मोटारीत येताना एकदा बघायची हाय मला. दुसऱ्या गाडीत आलीस तर दार उघडणार न्हाई.”

रत्नम्मा हुकूम ऐकून विचारात पडल्या. गाडी हाकणे त्यांस येत होते. पंचावन्नावे वर्षी लायसन काढून लेकाची लहान गाडी लातूरपर्यंत नेली होती. परंतु उजवा खांदा आखडलेला, हात कानावर जात नाही, तेथे हँडल काय मारणार? मिलीतले दोघे जवान पाचारिले. त्यांनी अप्पांचे प्लास्टर पाहिले आणि दोघांसही एकाएकी घरची कामे आठवली.

मग रत्नम्मांनी बुद्धप्रियेस बोलाविणे धाडिले. ही लोह्याकडील, विष्णुपुरीच्या कॉलेजात यंत्रविद्या शिकून उदगिरास गॅरेज मांडून बसलेली. तिने ताडपत्री काढून मोटार चौफेर पाहिली आणि सांगितले, “अम्मा, बगलंला एक भोक पाडून स्टार्टर बसवू. बटन दाबलं की इंजन चालू. हँडलाची भानगडच न्हाई.”

अप्पा ओट्यावरून गरजले, “बटनावर चालू व्हते त्याला मिक्सर म्हणतेत. मोटार न्हाई!” आणि मोटारीस नवे भोक पाडणेस सक्त मनाई फर्मावून, खुर्ची उचलवून बॉनेटापुढे बसते जाहले. चार दिवस नाष्टा, वर्तमानपत्र, दुपारची डुलकी, सर्व तेथेच. रत्नम्मांनी अप्पांस चहा दिला, बुद्धप्रियेस चहा दिला आणि तिला इतकेच म्हणाल्या, “यव्वा, भोक न पाडता काय व्हतंय का बघ.”

पाचवे दिवशी बुद्धप्रिया अंगाखाली पोते घालून मोटारीच्या पोटात शिरली. तेथे इंजनाचे बगलेस ग्रीस आणि माती यांचा बोटभर थर होता. तो खरवडिला तो आत लोखंडी झाकण आणि चार बोल्ट निघाले. बोल्ट काढिले, झाकण उतरविले आणि आत बॅटरी पाजळून पाहते तो इंजनाचे मोठे चाक, त्यास भोवताली दाते, काल कातल्यासारखे.

तिने बाहेर येऊन तोंड पुसले आणि हलकेच म्हणाली, “अप्पा, जरा वाकून बघा. भोक हाय. कंपनीनंच ठेवलेलं. ह्या मोटारीला स्टार्टर व्हता. कुणीतरी काढून घेतलाय.”

अप्पा वाकले. बराच वेळ वाकलेलेच राहिले. रत्नम्मांनी पुसिले, “काढला कुणी?”

अप्पा उठून खुर्चीत बसले आणि प्लास्टराकडे पाहत बोलते जाहले, “आज्यानं. आजीनं एकदा घरी कुणी नसताना बटन दाबून मोटार लेंडी नदीपातुर नेली व्हती म्हणे. एकटीनं. परत बी आणली, एक ओरखडा न्हाई. दुसऱ्या दिवशी आज्यानं मिस्त्री बोलावून काढवला. बाबा आम्हाला हसवायला सांगायचे ही गोष्ट. स्टार्टर काढवला म्हणजे आजीच्या हातातून मोटारच काढली, ते मला आज कळालं.”

“मग हसा की,” रत्नम्मा म्हणाल्या.

अप्पा हसले नाहीत. उठले आणि डाव्या हाताने खुर्ची ओढीत बाजूस नेली. येणेप्रमाणे वेढा उठला.

पुढे सामानाची तजवीज. मूळ स्टार्टर तर मुलुखात कोठेच मिळेना. बुद्धप्रियेने लातुरास भंगारबाजार पालथा घालून मोडक्या ट्रॅक्टराचा स्टार्टर आणिला. तो बसविला परंतु त्याचे दाते चाकाचे दात्यांशी जुळेनात. बटन दाबिताच ऐसा आक्रोश जाहला की मिलीवरील कबुतरे तीन दिवस फिरकली नाहीत. मग पुन्हा लातूर गाठून लेथवर नवी दातेरी चक्री कातून आणिली. दुसरे खेपेस तार तापून धूर निघाला, तारा बदलिल्या. तिसरे खेपेस दाते जुळले, चाक फिरले, परंतु इंजन नुसते खोकले आणि फाडकन बार काढून निजले. बुद्धप्रिया डोके धरून पायरीवर बसली. सुकाणूवर बसलेल्या रत्नम्मांचा चेहरा उतरला. देवणीहून त्याच सकाळी फोन होता, मातुश्रींनी दोन दिवस अन्न घेतले नव्हते.

तेव्हा अप्पा ओट्यावरून उतरले. स्टिअरिंगाखाली ठिणगीची एक पितळी दांडी असते, ठिणगी लवकर पडावी की उशिरा हे ती ठरविते. तिची खूण तीन पिढ्यांत बापाने लेकासच सांगितली होती. अप्पा खिडकीत वाकून म्हणाले, “दांडी वर कर. पार वर. इंजन धरलं की हळूहळू खाली आण. घाई केलीस की मारतंय ते.”

रत्नम्मांनी दांडी वर केली आणि बटन दाबिले. चाक फिरले, इंजनाने एक दम घेतला आणि धरिले. मोटार थरथरू लागली. बुद्धप्रिया उठून उभी राहिली ती हसत की रडत, हे आम्हांस नक्की लिहिता येत नाही.

दुसरे दिवशी प्रातःकाळी देवणीकडे कूच केले. रत्नम्मा सुकाणूवर, अप्पा शेजारी, बुद्धप्रिया मागे पान्यांसह. चढावर उसाची ट्रॉली आडवी आली, मोटार थांबविणे प्राप्त जाहले आणि इंजन बंद पडले. मागे टमटमवाल्यांनी भोंग्यांचा मारा आरंभिला, मोटार उताराने मागे सरू लागली. अप्पा सवयीने दार उघडून, प्लास्टराच्या हातानिशी, हँडल मारावयास उतरू लागले. “बसा वो खाली!” रत्नम्मा ओरडल्या. एक पाय ब्रेकवर रोविला, दांडी वर केली, बटन दाबिले आणि ट्रॉलीस वळसा घालून चढ सर केला. अप्पांनी दार ओढून घेतले आणि चार कोस रस्ता पाहत बसले. मग म्हणाले, “माझ्यापेक्षा बरी चालवायलीस.”

देवणीस पार्वतम्मांस खाटेसह अंगणात आणिले होते. लेक सुकाणूवरून उतरताना पाहून म्हातारीने हातानेच जवळ बोलाविले. मग तिने पेज मागितली. ती पिऊन झाल्यावर विचारिले, “हँडल कुणी मारलं?” कोणी नाही, बटन आहे, ऐसे कळताच तिने मोटार बंद करविली, पुन्हा चालू करविली, पुन्हा बंद करविली. ऐसे अकरा वेळा जाहले. बाराव्या वेळी, मला उचला म्हणाली.

तिला पुढच्या बैठकीवर बसविले. रत्नम्मांनी दांडी वर धरिली आणि पार्वतम्मांनी आपले बोट बटनावर ठेवून दाबिले. मिती मार्गशीर्ष शुद्ध दशमी, वार रविवार, प्रहर दिवस चढता, मुक्काम देवणी. इंजन एका दाबात चालू जाहले. फत्ते जाहली.