हंबग बहादूराचा बैल

पदवीबगर मानूस म्हंजी शेपटाबगर बैल. चालतो, पर माशी उठवायला जवळ काई न्हाई. म्हनून तर निजाम सरकारच्या राज्यात कुनी जंग हाय, कुनी दौला. घाटनांदुराकडल्या आमच्या गावात मातर पदवीची लई टंचाई. त्यामुळं पोळ्याला वेशीतून पयला बैल भगवानराव पाटलाचा का सुंदरराव पाटलाचा, ह्यावर दरसाल टाळकी फुटायची (बाकीच्यांची).

मग आगगाडीच्या रुळाची मापं घ्यायला गोरा साहेब आला. कोरड्या नदीत हुबं राहून भगवानरावानं त्याला सांगितलं, "हितं बारमाही पानी असतंय, साहेब."

साहेबानं बुटावरली धूळ बघितली, टोपी काढून घाम पुसला अन् म्हनला, "हंबग."

टोपी काढली म्हंजी पदवीच. सांजंला दवंडी पिटली: हितून पुढं 'भगवानराव हंबग बहादूर' म्हनायचं. ('बहादूर' त्यानं पदरचं घातलं.)

आता शब्दाची चौकशी नको? धोंडीरामानं गोऱ्यांच्या छावनीत घोड्यांना खरारा केलेला, म्हंजी त्याला इंग्रजी येतंय. तो म्हनला, "हंबग रावसायबाच्या वर, राजाच्या खाली." साहेबाचा सैपाकी सटवा म्हनला, "आमचा साहेब पानी घातलेल्या दुधाला बी हंबग म्हनतो." गावानं इचार केला अन् दुधाचा मान वाढवला. बायनाबाई गवळन तवापासून पानी उघड्यावर घालती.

सुंदरराव पेटला. "एका थापंवर ह्याचा बैल पुढं कावून?" तडक तंबूत गेला. "साहेब, आमच्या गावात आजवर कुनी खोटं बोललं न्हाई."

साहेब तीनदा "हंबग" म्हनला. तिसऱ्यांदा खुर्चीवरून घसरून.

पोळ्याला दोन्ही बैल वेशीत शिंगाला शिंग. निवाड्याला मोमिनाबादचा इंग्रजी शिकलेला मुन्शी आनला. तो म्हनला, "हंबग म्हंजी थापाड्या. ढोंगी."

दोन्ही पाटलांनी एकमेकाकडं बघितलं. बैलांनी बी.

गावात थोरली चंद्रभागाबाई. ती म्हनली, "मग सोपं झालं की. एकदाचा थापाड्या थोर का तीनदाचा?"

"माझं चारदा धरा," भगवानराव म्हनला. "पान्याची थाप मी तालुकदारालाबी तीनदा मारलीया."

"त्यावर साहेबाच्या तोंडून पदवी आली का बाबा? न्हाई ना? मग न्हाई मोजायची," म्हातारी म्हनली.

सुंदररावाचा बैल पुढं निघाला. मागं भगवानरावाचा, त्याच्या मागं सगळ्या गावाचे, वाजतगाजत.

हसताय व्हय? आमच्या पुढं चालनाऱ्याकडं निदान साहेबाची पदवी हाय. तुमच्या पुढं जो चालतोय त्याच्याकडं ती बी न्हाई, अन् तुमी मागं चालताच.