अण्णांचा ठोका

आमच्या शेजारचे वैजापूरकर अण्णा आपल्या गाडीत बसणाऱ्या बायकांना बांगड्या काढायला सांगतात. माझी बायको एकदा त्यांच्यासोबत लग्नाला निघाली होती. अण्णांनी आरशातून मागे बघितलं आणि अगदी अदबीने म्हणाले, "वहिनी, राग मानू नका, पण तेवढ्या बांगड्या पर्समध्ये टाका. ठोका ऐकू येत नाय." भर लग्नसराईत सवाष्णीला बांगड्या काढायला सांगणारा हा माणूस बघून ती खाली उतरली आणि रिक्षाने गेली. तेव्हापासून त्या गाडीत फक्त मी बसतो.

गाडी खरं तर अण्णांच्या मुलाची, निखिलची. जर्मनीला जाण्याआधी त्याने पुण्याहून तिचं ट्यूनिंग करून आणलं, म्हणजे इंजिनच्या कॉम्प्युटरमधला प्रोग्रॅम बदलून ताकद वाढवून घेतली. ताकदीबरोबर मिजासही वाढली. नुसतं पेट्रोल तिला चालत नाही, त्यात ऑक्टेन बूस्टर टाकावं लागतं. नाही टाकलं तर पेट्रोल भलत्या क्षणी पेटतं आणि इंजिनातून डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज येतो. निखिल त्याला नॉक म्हणतो, अण्णा ठोका म्हणतात. ठोके वाढत गेले तर पिस्टनला भोक पडून इंजिन कायमचं बसतं. मी शाळेत मराठी शिकवतो, पण आता पिस्टनच्या आत्मवृत्तावर निबंध लिहू शकेन.

बूस्टरला अण्णा औषध म्हणतात. ते टाकीत आधी पडलं पाहिजे, म्हणजे वरून पेट्रोल पडलं की नीट मिसळतं. "आधी औषध, मग जेवण," हे त्यांचं ब्रीद. गारखेड्यातल्या पंपावर ते खोकल्याच्या औषधाच्या मापाने बूस्टर मोजायला लागले की मागे रांग लागते. एकदा एक रिक्षावाला वैतागून म्हणाला, "क्या चाचा, बच्चे को दवा पिला रै क्या?" अण्णांनी माप डोळ्यांसमोर धरून शांतपणे उत्तर दिलं, "हां भाई, तबियत नाजूक है."

दर रविवारी सकाळी तपासणी असते. पडेगाव मागे टाकून आम्ही दौलताबादच्या घाटात जातो. काचा बंद, एसी बंद. चढावर अण्णा चौथा गियर सोडत नाहीत, कारण इंजिनवर ताण आल्याशिवाय ठोका बाहेर येत नाही. गाडीला जोडलेलं यंत्र मोबाइलवर आकडे टिपत असतं. "यंत्रावर विश्वास हाय, पण कानाचा साक्षीदार लागतो," म्हणून मी. मला एकदा खोकला आला तर म्हणाले, "सर, खोकला घाट उतरल्यावर."

घरी आल्यावर ते आकडे निखिलला जातात. अण्णा हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले, त्यामुळे पोटच्या पोराला व्हॉट्सॲपवर लिहितात, "सोबत ठोक्यांचा तक्ता जोडला आहे. अवलोकनार्थ सादर."

गेल्या महिन्यात निखिलचा मला फोन आला. "काका, बाबा बूस्टर टाकतायत ना? एक रविवार आकडे चांगले येतात, पुढच्या रविवारी बिघडतात. असंच चाललं तर इंजिन जाईल. त्यापेक्षा गाडी विकून टाकू म्हणतोय."

मी तडक अण्णांकडे गेलो आणि बूस्टर दाखवा म्हणालो. त्यांनी जरा आढेवेढे घेत कपाट उघडलं. आत सीलबंद बाटल्या ओळीने उभ्या होत्या. मी एक बाटली उचलून त्यांच्यापुढे धरली.

"दर दुसऱ्या टाकीला मी पंपावर एकटाच जातो," अण्णा म्हणाले. "तेव्हा नाय टाकत."

"का पण?"

"तक्ता चांगला गेला की तो अंगठा पाठवतो. ठोका पडला की फोन करतो. लई वेळ बोलतो हो, सर. कुठल्या गियरला पडला, केवढा पडला, सगळं विचारतो." मग कपाटाचं दार लावत म्हणाले, "त्याची आई होती तोवर फोन तिलाच यायचा. 'बाबा बरे आहेत ना', एवढाच माझा हिस्सा. ती गेल्यावर आम्हा दोघांत बोलायला हा ठोकाच राहिला."

"आणि इंजिन बसलं तर?"

"तीच तर फिकीर हाय. म्हणून एकाआड एक."

मला आधी राग आला, मग फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी मी निखिलला फोन करून सगळं सांगून टाकलं आणि वर मास्तरी आवाजात म्हणालो, "तक्ता चांगला आला तरी फोन करत जा."

पुढच्या रविवारी औषधाची पाळी होती. घाटात एकही ठोका पडला नाही. तक्ता गेला आणि दुपारी अण्णा घाबरेघुबरे होऊन माझ्या दारात आले.

"सर, निखिलचं काही बिनसलं असंल का? ठोका नव्हता तरी फोन आला."

"काय म्हणाला?"

"सहज केला म्हणे. जर्मनीतून सहज कोण फोन करतं?"

"मग बोललात काय?"

"काय बोलणार? विषयच नव्हता. दोघं बी गप बसलो. मग म्हणाला, बाबा, आज जेवायला काय केलंत?" अण्णा खुर्चीत बसले. "पिठलं केलं होतं. तेच सांगितलं. मग ते कसं करायचं ते विचारत बसला. तीन वर्षं हातानं करून खातोय, सर. आज पहिल्यांदा कुणी विचारलं."

ती तीन वर्षं दर रविवारी मी त्यांच्या शेजारच्या सीटवर बसत होतो, कान देऊन.